माशाच्या नजरेतली माशी

ईलियन हा रोमन लेखक इसवी सनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या शतकात होऊन गेला. तो लिहीत असे मात्र ग्रीकमध्ये. प्राण्यांच्या स्वभावाविषयी त्याने लिहिलेल्या ग्रंथात मॅसिडोनियातल्या अस्त्रेयस नदीवरची एक हकिकत येते. या नदीत ठिपकेदार मासे आहेत आणि पाण्यावर उडणारी एक विशिष्ट माशी हे त्यांचे खाद्य. पण तिथले लोक ही माशी पकडून गळाला लावत नाहीत. माणसाचा हात लागला की तिचा रंग उतरतो, पंख मोडतात आणि मासा तिला तोंड लावत नाही. म्हणून ते गळाभोवती तांबडी लोकर गुंडाळतात, कोंबड्याच्या गलोलीखालची दोन पिसे तिला बांधतात आणि ही खोटी माशी पाण्यात सोडतात. कृत्रिम माशीने मासा पकडण्याच्या सर्वांत जुन्या वर्णनांत हे मोडते.

खरी वस्तू हाताळली की ती खरी राहत नाही, म्हणून प्रतिकृती करायची. अनुकृतीची याहून साधी मीमांसा मला ठाऊक नाही. पण प्रश्न लगेच उभा राहतो: ही प्रतिकृती हुबेहूब आहे की नाही हे ठरवणार कोण? बांधणारा माणूस, की खाणारा मासा? इंग्रजीत माशीच्या मासेमारीवर पाच शतकांचे वाङ्मय आहे. १४९६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापल्या गेलेल्या एका छोट्या प्रबंधात महिन्यांप्रमाणे बारा माश्या सांगितल्या आहेत. तो डेम ज्युलियाना बर्नर्स या संन्यासिनीचा म्हणून प्रसिद्ध आहे, पण हे कर्तृत्व शंकास्पद मानले जाते. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टनचे पुस्तक आले आणि १६७६ मध्ये चार्ल्स कॉटनने त्याला माशीविषयीचा दुसरा भाग जोडला. या सगळ्या परंपरेतला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग मात्र एका अरुंद विषयाचा आहे: पाण्यात बुडणारी, जलकीटकांची नक्कल करणारी माशी. इंग्रजीत तिला वेट फ्लाय म्हणतात. मी तिला बुडती माशी म्हणेन. ती वापरणाऱ्या लेखकांना जे दिसत नाही त्याविषयी लिहावे लागले, आणि त्यातून त्यांनी अनुकृतीचा प्रश्न आपल्या नजरेतून काढून दुसऱ्याच्या नजरेत नेऊन ठेवला. त्यांचे यश यात आहे. त्यांची मर्यादाही इथेच सापडते.

आधी थोडे कीटकशास्त्र. मेफ्लाय या वर्गातला कीटक आपल्या आयुष्याचा बहुतेक काळ, काही महिने ते दोनएक वर्षे, नदीच्या तळाशी घालवतो. या अवस्थेला निंफ म्हणतात. वेळ आली की निंफ पाण्याच्या पृष्ठभागाकडे येतो, तिथे त्याची कात फाटते, पंख बाहेर पडतात आणि तो उडतो. काठच्या झाडाझुडपांवर तो आणखी एकदा कात टाकतो. मग जोडी, अंडी आणि मरण. पंख फुटल्यानंतरचे आयुष्य काही तासांचे, फार तर काही दिवसांचे. या काळात त्याला काही खाता येईल असे तोंडही उरलेले नसते. आपण ज्याला कीटक म्हणून ओळखतो ते त्याचे रूप म्हणजे त्याच्या चरित्राचे शेवटचे पान. ट्राउट मात्र त्याला सगळे चरित्रभर ओळखत असतो, कारण त्याच्या खाण्याचा मोठा वाटा पाण्याखालीच मिळतो.

पृष्ठभागावर तरंगणारी माशी वापरायची की पाण्याखाली बुडणारी, हा वाद बाहेरच्याला पोरकट वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या हॅम्पशरमध्ये तो जवळजवळ धर्ममताच्या पातळीवर गेला. टेस्ट आणि इचन या तिथल्या नद्या खडूच्या टेकड्यांतून झिरपून येतात, त्यामुळे त्यांचे पाणी वर्षभर नितळ आणि संथ असते. काठावर उभे राहून मासा दिसतो, तो कोणता कीटक खातो आहे हे दिसते, आपली माशी त्याच्यावरून तरंगत जाताना दिसते. फ्रेडरिक हॅलफर्डने १८८६ आणि १८८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या दोन पुस्तकांनी या तरत्या माशीचे, ड्राय फ्लायचे, शास्त्र बांधले. मासा वर येऊन खाताना दिसल्याशिवाय माशी टाकायची नाही. टाकायची ती प्रवाहाच्या उलट दिशेला. आणि ती त्या क्षणी पाण्यावर असलेल्या कीटकाची नेमकी प्रतिमा असली पाहिजे. पुढे १९१० च्या पुस्तकात हॅलफर्डने कीटकाचा नर आणि मादी यांच्याही वेगळ्या माश्या सांगितल्या आणि रंग प्रमाणित रंगपट्ट्यांशी ताडून ठरवले.

हॅलफर्डचे गद्य वाचताना त्याचा आदर वाटतो. तो आळशी नाही, बढाईखोर नाही. पण त्याची वाक्ये हळूहळू वर्णनातून नियमात शिरतात. सगळे डोळ्यांसमोर असल्यामुळे अनुमान करावे लागत नाही, आणि अनुमानाची गरज संपली की शंकेचीही संपते. त्याची माशी कीटकासारखी आहे ती भिंगातून पाहणाऱ्या माणसाच्या डोळ्याला. मासा तिच्याकडे खालून, उजेडाच्या विरुद्ध, हलत्या पाण्यातून पाहतो ही गोष्ट त्याला माहीत होती. तरी त्याच्या पद्धतीत तिला म्हणण्यासारखी जागा मिळाली नाही.

याच्या आधी, १८५७ मध्ये, स्कॉटलंडमधल्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्टने 'द प्रॅक्टिकल अँगलर' लिहिले होते. तिथल्या खळाळत्या नद्यांत माशी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. स्ट्युअर्टच्या तीन माश्या प्रसिद्ध आहेत. तो त्यांना कोळी म्हणतो, जाळे विणणारा कोळी. पैकी काळा कोळी म्हणजे तपकिरी रेशमाचा धागा आणि स्टार्लिंग पक्ष्याचे एक छोटे पीस, बस. हा नमुना आपल्याला जेम्स बेली नावाच्या मासेमाराने दाखवला हेही तो सांगून टाकतो. ही माशी हातात घेतली तर कशासारखीच दिसत नाही. पंख नाहीत, डोळे नाहीत, शेपूट नाही. पाण्यात गेल्यावर मात्र मऊ पिसाचे तंतू प्रवाहाबरोबर उघडतात, मिटतात. यॉर्कशरच्या टी. ई. प्रिटने १८८६ मध्ये 'नॉर्थ-कंट्री फ्लाइज' या पुस्तकात अशाच माश्यांची यादी दिली. त्यांची नावे म्हणजे त्यांची कृतीच: तितर आणि नारिंगी, पाणलावा आणि जांभळा. पहिला शब्द पिसाचा, दुसरा रेशमाचा. स्वयंपाकघरातल्या भाजीला घटकांवरूनच नाव पडावे तसे हे आहे, आणि पिढ्यान्‌पिढ्या नदीकाठी राहिलेल्या लोकांची भाषा त्यात ऐकू येते.

या दोन परंपरांच्या मधे जॉर्ज एडवर्ड मॅकेन्झी स्क्यूज उभा आहे. १८५८ मध्ये न्यूफाउंडलंडला जन्म, विंचेस्टरला शिक्षण, लंडनमध्ये सॉलिसिटरचा व्यवसाय, आणि सुट्टी मिळेल तेव्हा इचन नदीवरचे ॲबट्स बार्टन हे पाणी. हे पाणी तरत्या माशीच्या बालेकिल्ल्यात होते. १९१० मध्ये, म्हणजे हॅलफर्डचे रंगपट्ट्यांचे पुस्तक आले त्याच वर्षी, स्क्यूजने 'मायनर टॅक्टिक्स ऑफ द चॉक स्ट्रीम' प्रसिद्ध केले. शीर्षकातला नम्रपणा पाहण्यासारखा आहे: किरकोळ डावपेच. तरत्या माशीला हटवायचे नाही, तिच्या शेजारी बुडत्या माशीला थोडी जागा हवी, एवढेच तो मागतो. जी मागणी फेटाळायला समोरच्याला लाज वाटावी अशाच आकारात ती मांडायची, ही वकिली त्याच्या अंगात होती.

पण त्याचे खरे वकिलीपण पुराव्याच्या हाताळणीत आहे. त्याच्या मांडणीची सुरुवात साध्या अपघातातून होते: तरंगण्यासाठी बांधलेली माशी बुडाली आणि माशाने ती घेतली. दुसरा कोणी हा योगायोग म्हणून विसरला असता. स्क्यूज त्याची नोंद ठेवतो, पुढच्या नोंदींशी ती पडताळतो, आपल्याविरुद्ध जाणाऱ्या नोंदीही लपवत नाही. मासा पृष्ठभागाजवळ उसळतो, पाण्यावर वर्तुळ उमटते आणि काठावरचा माणूस धरून चालतो की त्याने तरती माशी खाल्ली. स्क्यूज विचारतो, हे तुम्ही पाहिले की मानले? वर्तुळ तर पृष्ठभागाच्या बोटभर खाली निंफ खाणारा मासाही उमटवतो. मग तो वर्तुळांचेच प्रकार करतो. उसळी कशी होती, नाक दिसले की फक्त पाठ, बुडबुडा उरला की नाही, यावरून मासा काय खात असावा याचे अनुमान करतो. हे गद्य हॅलफर्डपेक्षा अधिक जिवंत वाटते, कारण त्यात प्रत्येक विधानाला आपला अंदाजपणा ठाऊक आहे.

बुडती माशी वापरणाऱ्याला माशी दिसत नाही, बहुतेकदा मासाही दिसत नाही. दिसते ती दोरीच्या टोकाची किंचित थबकलेली हालचाल, पाण्याखाली क्षणभर चमकून गेलेले काहीतरी. तेवढ्यावर हात उचलायचा. उशीर झाला तर मासा ती खोटी वस्तू थुंकून टाकतो. अशा अनुभवाचे वर्णन करणाऱ्याला भाषा जपून वापरावी लागते. स्क्यूजच्या वाक्यांत म्हणूनच 'असावे', 'वाटते', 'एका प्रसंगी असे झाले' यांना फार महत्त्व आहे. ही त्याची लकब नाही, विषयानेच लावलेले वळण आहे.

१९२१ चे 'द वे ऑफ अ ट्राउट विथ अ फ्लाय' हे त्याचे सर्वांत महत्त्वाकांक्षी पुस्तक. त्यातला मोठा भाग मासा काय पाहतो आणि कसे पाहतो याविषयी आहे. ट्राउटला आकाराची जाण कितपत, रंगाची कितपत, संधिप्रकाशात त्याला काय दिसते, वर आकाशाकडे पाहताना काय दिसते. यातले एक कोडे मला त्याच्या सगळ्या लेखनाचे केंद्र वाटते. माशीच्या पोटाखालून लोखंडी गळ उघडाच बाहेर आलेला असतो. त्याचा आकार कोणत्याही कीटकात नाही. तरी ज्या माशाला पंखाच्या छटेतला फरक कळतो असे आपण म्हणतो, तो मासा हा गळ पाहून माघार घेत नाही. का? स्क्यूजचे उत्तर असे की ट्राउटची आकाराची जाण मंद आहे. आपल्याला महत्त्वाचा वाटतो तो तपशील त्याच्या लेखी नसतोच. याचा अर्थ गंभीर आहे. हॅलफर्डच्या पंथाने पिसांच्या बारकाव्यांवर घालवलेली वर्षे माशासाठी नव्हती, स्वतःच्या डोळ्यासाठी होती.

भारतीय काव्यशास्त्राशी परिचय असलेल्या वाचकाला इथे एक जुना वाद आठवेल. श्रीशंकुकाने रस हे स्थायीभावाचे अनुकरण आहे असे म्हटले आणि चित्रतुरगाचा दृष्टान्त दिला: चित्रातला घोडा पाहताना 'हा घोडा' अशी जी प्रतीती होते ती खरी नाही, खोटी नाही, संशयाची नाही आणि नुसत्या सारखेपणाचीही नाही. अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांनी त्यावर प्रश्न केला, तो अभिनवगुप्ताने आपल्या नाट्यशास्त्राच्या टीकेत नोंदवला आहे. अनुकरण म्हणता, पण कोणाच्या दृष्टीने? प्रेक्षकाच्या, नटाच्या, वस्तुस्थितीचे विवेचन करणाऱ्या व्याख्यात्याच्या, की भरतमुनींच्या वचनानुसार? चारही बाजूंनी तपासून तो अनुकरणवाद टिकत नाही असे दाखवतो.

हा प्रश्न इचनच्या काठी नेला तर बराच उजेड पडतो. प्रेक्षक म्हणजे मासा. नट म्हणजे माशी बांधणारा आणि ती पाण्यात चालवणारा. विवेचक म्हणजे भिंग घेऊन बसलेला कीटकशास्त्रज्ञ. आणि मुनिवचन म्हणजे हॅलफर्डचे पुस्तक. तरत्या माशीच्या पंथाने विवेचकाच्या आणि मुनीच्या दृष्टीला प्रमाण मानले. स्क्यूजने प्रेक्षकाकडे वळून विचारले. तुलना मात्र इथवरच चालते. नाटकाचा सहृदय फसत नाही. रंगमंचावरचा राम खरा राम नाही हे त्याला ठाऊक असूनच तो रमतो. माशाच्या बाबतीत प्रतीती पूर्ण खोटी असावी लागते, नाहीतर खेळच होत नाही. चित्रतुरगाचा अनुभव घेतो तो काठावरचा माणूस: रेशमाची गुंडाळी आणि एक पीस हातात धरून, हे रेशीमच आहे हे जाणून, तो त्यात कीटक पाहतो.

परीक्षक माशाला नेमले की त्याच्या नकाराला किंमत येते, आणि स्क्यूजला हे किती खोलवर कळले होते ते त्याच्या एका छोट्या कथेत दिसते. १९३२ च्या 'साइड-लाइन्स, साइड-लाइट्स अँड रिफ्लेक्शन्स' या पुस्तकातली ही कथा. थिओडोर कॅस्टवेल नावाचा मासेमार मरतो आणि एका रम्य नदीकाठी पोचतो. उत्तम काठी, उत्तम माश्या, सेवेला नदीचा रखवालदार. पहिल्याच फेकीत चांगला मोठा मासा. दुसऱ्या फेकीत तेवढाच, त्याच जागी. तिसऱ्या, चौथ्या, दहाव्या फेकीत तेच. माशी चुकीची पडली तरी मासा घेतोच, आणि थांबायची परवानगी नाही. आपण स्वर्गात आलो या त्याच्या समजुतीचे काय होते ते वाचकाला केव्हाच उमगलेले असते. ज्या परीक्षकाला नाही म्हणता येत नाही त्याच्यासमोर कला करणे ही शिक्षा आहे, हे या कथेतून जितके स्पष्ट होते तितके त्याच्या शास्त्रीय प्रकरणांतून होत नाही. पुरस्कारांच्या आणि परस्पर स्तुतीच्या काळात लिहिणाऱ्यांनी ती मधूनमधून वाचावी.

फेब्रुवारी १९३८ मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबमध्ये चॉक स्ट्रीमवर निंफ वापरणे योग्य की अयोग्य, यावर जाहीर चर्चा झाली. हॅलफर्ड १९१४ मध्येच वारला होता. स्क्यूज ऐंशीच्या उंबरठ्यावर होता. वाद मासा काय खातो याचा राहिलाच नव्हता. सभ्य माणसाने काय करावे याचा झाला होता. एखादी पद्धत सोयीची म्हणून सुरू होते, मग ती रीत होते, मग प्रतिष्ठा, आणि शेवटी निसर्गाचा नियम असल्यासारखी बोलली जाते. वाङ्मयातल्या शुद्धतेच्या वादांचा प्रवास ओळखणाऱ्याला हा क्रम नवा नाही. त्या वर्षीचा हंगाम संपवून स्क्यूजने अर्ध्या शतकाहून अधिक काळ मासे धरलेले ॲबट्स बार्टन सोडले आणि १९३९ मध्ये निंफवरचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात कडवटपणा फार थोडा आहे. या संयमाचे कौतुक केलेच पाहिजे.

इथपर्यंत स्क्यूजच्या बाजूने बोललो. आता त्याच्या लेखनातली जी गोष्ट मला अडते ती सांगतो. मासा पाण्याखाली काय खातो हे त्याला कसे कळले? हाडातली मज्जा काढायचा लांब अरुंद चमचा असतो, तो मारलेल्या ट्राउटच्या घशातून पोटात घालायचा, फिरवून बाहेर काढायचा आणि त्यातला ऐवज बशीभर पाण्यात सोडून पाहायचा. अर्धवट पचलेले निंफ त्या पाण्यात सुटे होतात, काही अजून हलतही असतात. त्यांचा रंग, लांबी, संख्या टिपून घ्यायची आणि त्यांच्यासारखी माशी बांधायची. पद्धत म्हणून हे अचूक आहे. मासा स्वतःच्या जेवणाविषयी याहून विश्वासार्ह साक्ष देऊ शकत नाही. पण ही साक्ष साक्षीदार मेल्यावर घेतलेली आहे. माशाचा डोळा, माशाची भूक, माशाची चिडचिड, माशाचे अज्ञान, इतक्या ठिकाणी स्क्यूजची कल्पनाशक्ती शिरली. ओठात गळ रुतल्यावरच्या क्षणापाशी मात्र ती थांबते. तिथून पुढे मासा वजनाचा आकडा होतो.

२००३ मध्ये लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेनबो ट्राउटच्या डोक्याच्या भागात इजा ओळखणारे चेतातंतू असल्याचे दाखवले. ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसेटिक आम्ल टोचल्यावर माशांचे वागणे बदलते हेही नोंदवले. ही वेदना माणसाच्या वेदनेसारखी जाणवते का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. १९२१ च्या लेखकाने २००३ चे संशोधन वाचायला हवे होते असे कोणी म्हणणार नाही. माझा आक्षेप वाङ्मयीन आहे. दुसऱ्याच्या नजरेतून जग पाहण्याचा ज्याने एवढा सायास केला, त्याने ती नजर आपल्याला गैरसोयीची होते तिथेही काही काळ टिकवायला हवी होती. स्क्यूजने ट्राउटला फारसे हुशार मानले नाही, आणि हे मत दृष्टिविषयक प्रकरणांत त्याला उपयोगी पडते. पण तेच मत त्याला एका प्रश्नापासून सोडवतेही. दुसऱ्याला मंद ठरवले की त्याच्या बाजूने विचार करण्याची जबाबदारी हलकी होते. हे फक्त माशांच्या बाबतीत घडते असे नाही.

दुसरी मर्यादा पाण्याच्या मालकीची. चॉक स्ट्रीमवर मासे धरण्याचा हक्क जमीनदारांचा किंवा मोजक्या सभासदांचा असे. स्क्यूजच्या पानांतून रखवालदार येतो-जातो, पण त्याची नजर आपल्याला कळत नाही. ही उणीव पुढच्या पिढीत एका रखवालदारानेच भरून काढली. फ्रँक सॉयर विल्टशरमधल्या एव्हन नदीच्या वरच्या भागात लष्करी अधिकाऱ्यांच्या मासेमारी संस्थेचे पाणी सांभाळत असे. त्याचे 'निंफ्स अँड द ट्राउट' १९५८ मध्ये आले. सॉयरने निंफला मेलेल्या माशाच्या पोटात पाहिले त्याहून अधिक वाहत्या पाण्यात पाहिले, कारण गवत कापणे, गाळ काढणे, पाण्याची पातळी राखणे हे त्याचे रोजचे काम होते. पोहणारा निंफ पाय अंगाशी घट्ट धरतो हे त्याने पाहिले आणि आपल्या माशीचे पायच काढून टाकले. फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू आणि धाग्याऐवजी तांब्याची बारीक तार. तारेने बांधणीही होते आणि वजनही मिळते. ही एक माशी अनेक जातींच्या निंफच्या जागी चालते. सॉयरचे गद्य स्क्यूजइतके घोटीव नाही. पण त्यात नदी ही रविवारी भेटायची जागा नाही, सोमवारीही असलेली जागा आहे.

अटलांटिकपलीकडे पेनसिल्व्हेनियातल्या जेम्स लायझनरिंगने १९४१ मध्ये व्हर्नन हायडीबरोबर बुडत्या माशीच्या बांधणीवर एक छोटे पुस्तक केले. हा हत्यारे बनवणारा कारागीर स्क्यूजशी पत्रव्यवहार ठेवून होता. रेशमाच्या दोन पदरांत केस पिळून माशीचे अंग करायचे, म्हणजे भिजल्यावर आतल्या रेशमाचा रंग केसांतून झिरपून दिसतो. पण त्याचे नाव राहिले ते एका हालचालीमुळे. माशी प्रवाहाबरोबर खोल जाऊ द्यायची, मासा असेल त्या जागेच्या जरा आधी काठी थांबवायची. प्रवाहाच्या दाबाने दोरी ताणली जाते आणि माशी आपोआप वर चढू लागते, निंफ उमलण्यासाठी वर येतो तशी. साम्य आता वस्तूत उरले नाही, ते प्रयोगात गेले. स्ट्युअर्टच्या उघडमीट करणाऱ्या पिसात जे बीजरूपाने होते त्याची ही पूर्ण वाढ. भट्टतौतांनी नटाकडे बोट दाखवून विचारलेला प्रश्न इथे पुन्हा उभा राहतो, आणि या कारागिराचे उत्तर विचार करण्यासारखे आहे.

भारतीय भाषांच्या वाचकाने या वाङ्मयाकडे का वळावे? ट्राउट आपल्याकडे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभापासून ब्रिटिशांनी तो काश्मीर, कुलू, निलगिरी इथल्या थंड पाण्यात रुजवला. पण तो त्यांच्या विरंगुळ्यासाठी आणलेला परका मासा, आणि त्याच्याभोवतीचे लेखनही बहुतांशी त्यांच्या भाषेतले. आपली स्वतःची परंपरा वेगळी आहे. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसऱ्या सोमेश्वराच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मत्स्यविनोदाचे प्रकरण आहे: माशांच्या जाती, त्यांना घालायचे खाद्य, काठी, दोर, गळ. याच ग्रंथात जुन्या मराठीच्या खुणाही सापडतात, म्हणून मराठी अभ्यासकांना तो परका नाही. तिथे माशाला जे दाखवले जाते ते त्याला खरोखर खाता येते. फसवणूक गळापुरती आहे. रेशमाच्या माशीत खाण्यासारखे काहीच नाही. 'आमिष' या शब्दाचा मूळ अर्थ मांस. त्या अर्थाने बुडती माशी हे निरामिष आमिष म्हणावे लागेल.

मराठीत मासा हा मुख्यतः पोटाचा, बाजाराचा आणि दर्याचा विषय आहे, तो खेळाचा झालेला नाही. म्हणून या पुस्तकांचा अनुवाद करणाऱ्याला शब्दांची अडचण येईल, आणि तीच त्याची संधी ठरेल. मराठीत 'गळाला लागणे' म्हणजे फसणे, 'आमिष दाखवणे' म्हणजे फसवणे. पण 'गळ घालणे' म्हणजे कळकळीने विनवणे. आपल्या भाषेत फसवणूक आणि विनवणी एकाच हत्याराभोवती राहतात. स्क्यूजच्या इंग्रजीत हा दुहेरीपणा नाही. तिथे मासा प्रतिस्पर्धी आहे, डाव आहे, डावपेच आहेत. मराठी अनुवादात त्याच्या प्रत्येक फेकीला हा दुसरा सूर लागेल, आणि मूळ पुस्तकाने जे झाकले ते थोडे उघडे पडेल. चांगल्या अनुवादाने मूळ लेखकाशी एवढा वाद घालावा.

सगळे पुस्तक शक्य नसेल तर निदान गळाच्या अदृश्यतेविषयीची पाने आपल्या भाषांत यावीत. इतके धारदार लोखंड समोर असून मासा ते का पाहत नाही, हे त्या पानांवर स्क्यूज कमालीच्या सचोटीने विचारतो. उत्तर देताना तो माशाच्या डोळ्याविषयी बोलतो. वाचकाने पुढे जाऊन काठी धरणाऱ्याच्या डोळ्याविषयीही विचारावे. गळ त्यालाही दिसत नाही. पीस दिसते, रेशीम दिसते, पाण्यावरचे वर्तुळ दिसते.